टॉन्सिलमध्ये किडनीचा मार्कर

"पॉझिटिव्ह आहे," मी फोनवर बोलून गेले आणि लातूरच्या सर्जननी लगेच सोमवार ठरवून टाकला. मुरुडच्या विश्वनाथअप्पांची डावी किडनी काढायची.

अप्पांचं भुसार दुकान. मानेत गाठ आली, तपासणीत किडनीतही गाठ दिसली. किडनीचा कॅन्सर मानेपर्यंत पसरला, असा सर्जनचा अंदाज. मानेतल्या गाठीचा तुकडा नांदेडला माझ्या लॅबमध्ये आला. मी पॅथॉलॉजिस्ट. अशा तुकड्यावर आम्ही मार्कर लावतो, म्हणजे एका ठरावीक प्रोटीनला चिकटणारं द्रावण. प्रोटीन असेल तर पेशी तपकिरी दिसतात. पॅक्स-एट हे प्रोटीन किडनीच्या पेशींत असतं. अप्पांची स्लाइड तपकिरी झाली होती.

फोन ठेवून मी स्लाइड पुन्हा पाहिली. पेशी गोल, सुट्या सुट्या. किडनीचा कॅन्सर सहसा असा दिसत नाही.

आमच्या टेक्निशियन रझियाआपांना हाक मारली. "आपा, हाच मार्कर आपल्याकडच्या निरोगी टॉन्सिलच्या तुकड्यावर लावा."

"टॉन्सिलमध्ये किडनीचं काय सापडून राहिलं, मॅडम?"

"काही सापडू नये, म्हणूनच लावा."

टॉन्सिल काय, मानेतल्या लसिकाग्रंथी काय, ही प्रतिकारशक्तीची ठिकाणं. दुपारी स्लाइड आली. निरोगी टॉन्सिल, तरी आत तपकिरी पुंजके. त्या होत्या बी-पेशी, संसर्गाशी लढणाऱ्या. त्यांच्यात पॅक्स-एटच्याच कुटुंबातलं दुसरं प्रोटीन असतं. आमच्या मार्करला दोघांतला फरक कळत नव्हता.

मी लातूरला फोन लावला. "सर, ऑपरेशन थांबवा. मी घाई केली."

"पेशंट ॲडमिट आहे, मॅडम. घरच्यांना काय सांगू?"

"माझी चूक झाली म्हणून सांगा."

दुसऱ्या दिवशी अप्पांची मुलगी थेट लॅबमध्ये. "अप्पा कालपासून जेवले न्हाईत. एकदा हाव म्हणा, न्हाई तर न्हाई म्हणा."

"उद्या नक्की सांगते," मी म्हणाले. तिच्याकडे बघवेना.

अप्पांच्या तुकड्यावर बी-पेशींचे मार्कर लावले. सगळे लागले. लिम्फोमा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्याच पेशींचा कॅन्सर. किडनीतली गाठही त्याचीच असावी. याला सुरी नाही, केमो लागते.

सहा केमोनंतरच्या स्कॅनमध्ये दोन्ही गाठी विरल्या होत्या. अप्पा दोन्ही किडन्यांसह दुकानात बसतात.

मार्करनं होकार दिला की निदान झालं, असं नसतं. तो आणखी कुणाकुणाला होकार देतो, ते आधी बघावं लागतं.