मामांनी उमेदवारांचे दात पाहिले

आमच्या वाशीमच्या मुलुखात माणसं ओळखणारे पुष्कळ झाले, पण माणसाचे दात पाहून त्याची लायकी सांगणारा एकच झाला, आणि तो नेमका माझ्या घरात राहत होता. हे हिचे मामा. ही म्हणजे माझी बायको. या श्रावणात गेली. घरात बसून करमत नाही म्हणून लिहायला घेतलं, तर पहिले मामाच आठवले, कारण तिची कोणतीही गोष्ट सांगायला गेलं की मामा मधे येऊन बसतात. जिवंत असतानाही तेच करायचे. लग्नानंतर नवरीसोबत पाठराखीण म्हणून एखादी म्हातारी चार दिवस सासरी येते, अशी आमच्याकडे रीत आहे. हिच्याकडे म्हातारी मोकळी नव्हती म्हणून मामा आले. चार दिवस झाले, चाळीस झाले, मग मी मोजायचं सोडलं. पाठराखीण म्हणून आलेला पुरुष एकोणीस वर्षं राहिला, असं दुसरं घर मला कोणी दाखवावं.

मामा बैलांचे पारखी होते. मंगरूळपीरच्या बाजारात बैल घ्यायचा तर लोक आधी मामांना घ्यायला येत, मग बाजाराला जात. बैल पाहता पाहता डोळाच तसा झाला होता, आणि समोर माणूस आला तरी तो डोळा बदलत नसे. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाला मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा माझं नाव-गाव विचारायच्या आधी त्यांनी मला जांभई द्यायला लावली. कोणी दारात आला की त्याच्या पाठीवर थाप मारायचे. दचकला तर म्हणायचे, हा गाड्याला नाही चालणार. शाळेच्या मास्तरांना त्यांनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवून पाहिलं आणि मागचा डावा खूर आखडतो असा निकाल दिला. बैलाशी अहो-जाहो बोलत आणि माणसाला अरे-तुरे करत. त्यातून सुटलो फक्त मी, कारण मी जावई. लग्न त्यांनी केलं नाही. तीन ठिकाणी मुलगी पाहायला गेले होते म्हणतात, आणि तिन्ही ठिकाणी मुलीपेक्षा तिच्या बापाचा गोऱ्हा पसंत करून आले.

असे हे मामा राजकारणात पडतील असं कोणाला वाटलं नव्हतं. पडले ते हिच्यासाठी. आमच्या गावात प्यायच्या पाण्याची विहीर नव्हती. बायका नदीवर जात, उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झिरा खोदत आणि वाटीवाटीनं घागर भरून तो उभा चढ चढत. हिचं पहिलं बाळंतपण त्या चढावर गेलं. सातव्या महिन्यात घागरीसकट पडली. तेव्हा मी कोणाजवळ काही बोललो नाही, आता लिहितो. मामा तर आठ दिवस बैलांशीसुद्धा बोलले नाहीत. मग दोन वर्षांनी हिला पुन्हा दिवस गेले, तिसरा महिना होता, आणि उन्हाळा तोंडावर आला होता.

त्याच हिवाळ्यात गावाला नवी पंचायत मिळाली आणि तिचा अध्यक्ष मतांनी निवडायचा असं फर्मान आलं. वरून एक विहीरही मंजूर झाली होती; जागा अध्यक्षानं ठरवायची. ज्याच्या नावावर शेतसारा त्यालाच मत, म्हणजे गावात सारी बेचाळीस मतं. उभे राहिले दोघं. एक आमचे पाटील, त्यांना विहीर पाहिजे होती आपल्या संत्र्याच्या बागेत. दुसरे कापसाची सरकी काढायच्या जिनाचे मालक शेटजी, त्यांना पाहिजे होती जिनाच्या आवारात. दोघंही म्हणत, विहीर गावाचीच राहील, गावानं येऊन पाणी न्यावं. पाटलांच्या बागेला कुंपण, शेटजींच्या आवाराला फाटक. पारावर रोज तीच चर्चा, याला मत द्यावं की त्याला द्यावं, आणि रोज सगळे तोंड कडू करून उठत. आमचे पिंजारी चाचा एकदा म्हणाले, "इन दोनों से तो मेरा गधा अच्छा. घर तक पानी तो लाता है." तेवढ्यापुरते हसलो. गाढवाला उभं राहता येत नव्हतं.

पाटील मत मागायला आमच्या घरी आले, तेव्हा मामांनी त्यांना ओसरीवर उजेडाकडे तोंड करून बसवलं. पाटील हसून बोलायचे, त्यामुळे काम सोपं झालं. मामा वाकून नीट पाहत राहिले आणि म्हणाले, "पाटील, तू सांगतं पन्नास, पण खालचे दात साठीचे हायत." पाटलांचं हसू तिथंच मिटलं. शेटजी आले त्यांना अंगणात दोन फेऱ्या मारायला लावल्या, पायात काटा आहे का पाहतो म्हणून. ते गेल्यावर मामांनी हिला सांगितलं की हे बसकं जनावर आहे, सपाटीवर चालेल, चढ आला की बसेल.

आता माझं ऐका. मी भित्रा माणूस. पाटलांनी मला वाड्यावर बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि मत मागितलं. मी हो म्हणून आलो. घरी येऊन हिला सांगितलं. हिनं चुंबळ डोक्यावर ठेवली, दोन घागरी घेतल्या आणि नदीकडे निघाली. मामा ओसरीवर बसून हे पाहत होते. ती दिसेनाशी झाली तेव्हा म्हणाले,

"जवाईबापू, मत तुमच्या नावाचं हाय, मान्य. घागर कोनाच्या डोईवर हाय?"

मी म्हटलं, "मामा, मग देऊ कोनाले? दोघंही तसेच."

"बाजारात दोन्ही बैल खोटे निंघाले त तुमी काय करता? त्यातला एक घेऊन येता?"

याचं उत्तर आमच्याकडे पोरालाही माहीत आहे. आमच्या भागात बैल घ्यायला जाणारा माणूस घरून नवं दावं घेऊन जातो, आणि पसंतीचा बैल मिळाला तर तेच दावं त्याच्या गळ्यात बांधून आणतो. नाही मिळाला तर रिकामं दावं खांद्यावर टाकून परत फिरतो. यात कमीपणा नाही. कमीपणा असतो विकणाऱ्याला. खांद्यावर रिकामं दावं घेऊन गिऱ्हाईक चाललेलं दिसलं की विकणारा अर्ध्या कोसापर्यंत मागे धावत येतो आणि मघाशी जे नाही म्हणाला होता ते सगळं कबूल करतो.

दुसऱ्या दिवसापासून मामा अंबाडीची दावी वळायला बसले. घरभर अंबाडीचा वाख झाला. जेवणात वाख, अंथरुणात वाख. ही म्हणाली, "मामा, दावे वळून राह्यले का साऱ्या गावाले फाशी द्याचा इचार हाय?" मामा म्हणाले, साऱ्या गावाला नाही, दोघांनाच. चाळीस दावी झाली तेव्हा थांबले, आणि एकेक घेऊन घरोघर गेले. प्रत्येक दारात बसून, पान खाऊन, त्या घरच्या बैलाची चौकशी करून, मग त्याच्या धन्याशी बोलले. गंमत अशी की खुद्द मामांना मत नव्हतं. त्यांच्या नावावर वावर नव्हतं, घर नव्हतं, एक कोंबडी होती.

मतांच्या दिवशी तालुक्याहून एक तरुण साहेब आले. शाळेत पडद्यामागे दोन पेट्या ठेवल्या, पाटलांची लाल, शेटजींची पिवळी. साहेबानं शिक्का मारलेली चिठ्ठी द्यायची, आपण ती हव्या त्या पेटीत टाकायची. दारात एका बाजूला पाटील बसलेले, दुसऱ्या बाजूला शेटजी. यादीत पहिलं नाव माझं निघालं. टेबलापर्यंत असा अडखळत गेलो की मामांनी पाहिलं असतं तर मला बाजारातून हाकलून दिलं असतं. चिठ्ठी घेतली, पडद्याकडे गेलो नाही, परत साहेबाच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, साहेब, माल पसंत नाही. बाहेर आलो, खांद्यावरचं दावं काढलं आणि पाटलांच्या डोळ्यांदेखत शाळेच्या कुडावर टांगलं. माझ्या मागून पिंजारी चाचा, त्यांच्या मागून सुतार, मग एकेक करत सारे. दुपारी पाटलांचा सख्खा चुलतभाऊ आला आणि मान खाली घालून त्यानंही दावं टांगलं. सगळ्यांत शेवटी शेटजींचा मुनीम आला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, धोतराच्या ओच्यातून दावं काढलं आणि टांगून पळाला.

साहेबानं पेट्या उघडल्या. लाल पेटीत एक चिठ्ठी, पिवळीत एक. ज्यानं त्यानं आपली आपण टाकलेली. कुडावर चाळीस दावी. साहेब बाहेर येऊन विचारू लागले की हा काय प्रकार आहे. मामा सकाळपासून समोरच्या निंबाखाली बसले होते. ते उठले आणि शांतपणे म्हणाले, "काही नाही साहेब. गिऱ्हाईक खाली हातानं घरी चाललं." आणि खरंच सगळा गाव उठून घराकडे चालू लागला.

साहेब म्हणाले, मतं सारखी पडली, आता नावाच्या चिठ्ठ्या टाकून एक काढतो. पण चाळीस पाठी फिरलेल्या पाहून पाटलांचा धीर सुटला. चिठ्ठीनं अध्यक्ष झाला तरी कोणाचा अध्यक्ष, हे त्यांना समजलं असावं. ते उठून मागे धावले. पाटील धावले म्हणून शेटजीही धावले. बसकं जनावर, पण त्या दिवशी चढावरसुद्धा बसलं नाही. पाटील म्हणाले, विहीर बागेत नको, मारुतीजवळ करू. शेटजी म्हणाले, मारुती लांब पडतो, पाराजवळ करू. पाटील म्हणाले, पाराजवळच, आणि खोदायला माझे गडी. शेटजी म्हणाले, दगड माझा. मामा मान हलवत, न थांबता चालतच राहिले. पारापाशी आले तेव्हा वळले आणि म्हणाले, "दोघायनं सायबापुढं लिहून सही करा. मंग चिठ्ठी काढा." सह्या झाल्या. पाटलांनी कुदळीचा पहिला घाव घातला, दुसरा शेटजींनी, आणि आपला घाव जास्त खोल गेला म्हणून दोघं तिथंच भांडले. मग चिठ्ठी निघाली आणि एक जण अध्यक्ष झाला. कोण झाला, खरं सांगतो, मला आठवत नाही. त्या दिवशीही कोणी विचारलं नव्हतं.

होळीनंतर सात पुरुष उंचीएवढ्या खोलीवर पाणी लागलं, गोड पाणी. हिला आता ओढायची बंदी होती, म्हणून पहिली घागर मामांनी ओढली, स्वतः डोक्यावर घेतली आणि बायकांच्या घोळक्यातून, मिरवणुकीत चालावं तसे, आमच्या दारापर्यंत आणली. पारापासून दार हाकेच्या अंतरावर, पण मामांनी मुद्दाम सारं गाव फिरून आणली. श्रावणात लेक झाली, सुखरूप. मामांनी तिचे दात पाहायला तोंड उघडलं आणि दात नाहीत म्हणून फार नाराज झाले. पुढं रिठदपासून शिरपूरपर्यंत कुठंही निवडणूक असली की दोन माणसं आमच्या ओसरीवर येऊन बसत, आमचे उमेदवार जरा पाहून द्या म्हणत. मामा जात, पाहत आणि बहुतेक वेळा मान हलवत परत येत.

तीन वर्षांमागं मामा गेले. शेवटचं पाणी हिनं त्यांच्या तोंडात घातलं, विहिरीचं, ताजं ओढून. यंदा हिची वेळ आली तेव्हा लेक सासरी होती, घरात मीच. वाटी भरून आणली, पण तोंडाशी नेताना अर्धं पाणी उशीवर सांडलं. मामा असते तर म्हणाले असते, जवाईबापू, तेवढ्या पाण्यासाठी केवढं केलं होतं, अन् तुमी सांडलं. बोलायला कोणी नव्हतं. उरलेलं ती प्यायली.