पाव आटा

माझ्या शुद्धलेखनाला कुणी हसू नये. मी चौथी शिकलेली आहे. अक्षर तर असं, की लिहून दोन दिवस झाले की माझं मलाच लागत नाही. (बरंच आहे. हे कुणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही.) पण खरं ते लिहून ठेवते : माझ्या सासऱ्यांची कवळी पाटसला उसाच्या बैलगाडीखाली गेली, आणि ती माझ्यामुळे गेली. मी तिला बोटसुद्धा लावलं नव्हतं. माझ्या हातात होता फक्त पाना, आणि तोही आदल्या दिवशी.

निमोण्याला आमच्या घरी तेव्हा एक जुनी मिलिटरीची मोटारसायकल होती. आमच्या मालकांनी ती दौंडला शब्बीरमामांकडून घेतली. शब्बीरमामा म्हणजे माझ्या माहेरच्या गल्लीतले मिस्त्री. बाकीच्या गाड्यांच्या स्प्रिंगा पुढच्या नळ्यांच्या पोटात लपलेल्या असतात. हिच्या उघड्या, दिव्याच्या दोन्ही अंगांना, फाटक्या गादीतून निघाल्यासारख्या! खड्डा आला की त्या दबायच्या आणि गाडीचं तोंड खालीवर डुलायचं. म्हणून गावानं तिचं नाव ठेवलं नंदी. आम्ही पारावरून निघालो की म्हातारे ओरडायचे, "नंदीबैला, यंदा पाऊस पडंल का?" आणि आमच्या रस्त्यावर नंदी दर वेळी 'हो'च म्हणायचा. (पाऊस काही पडला नाही.)

गाडी घेतली त्या दिवशी शब्बीरमामांनी मालकांना तिची निगा समजावून सांगितली.

"ह्या पट्ट्या बघा. पुढचं सगळं ह्यांच्यावर डुलतं. दर आठवड्याला ग्रीस भरायचं, जुनं काळं भाईर येईस्तवर. नट आधी आवळायचा आन् मग पाव आटा मागं सोडायचा. चतकोर फेरा. समजलं?"

"समजलं," मालक म्हणाले. ते समोरच्या हॉटेलातल्या भज्यांकडे बघत होते.

"आन् खड्ड्यात पुढचा ब्रेक मारायचा न्हाई."

"न्हाई मारत." (नजर भज्यांवरच!)

समजलं ते मला. मी पदर ओढून मागे उभी होते. मी लाजाळू, चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण न बोलणाऱ्या माणसाला ऐकायला भरपूर वेळ असतो. तेव्हापासून दर रविवारी गोठ्यामागे बसून ग्रीस मीच भरायचे, नट मीच आवळायचे आणि पाव आटा मीच सोडायचे. मालक गावात सांगायचे, "गाडीला लई जपावं लागतं बाबा!"

मग माझ्या नणंदेला, मंगलला, दौंडचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत. स्थळ मीच सुचवलेलं, माहेरच्या ओळखीतलं. मुलगा मंगलला आवडला होता. बोलणी करायला आबा, म्हणजे सासरे, जाणार होते. मंगलनं मला गोठ्यात गाठलं.

"वैनी, ह्ये मोडलं तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार न्हाई."

त्या घरात माझ्याशी गप्पा मारणारी ती एकटीच! त्यात मनात आलं, व्याह्यांच्या दारात गाडी अशी मान डोलवत गेली तर काय शोभा राहील? दुपारी सगळे निजल्यावर मी पाना घेतला. पान्याला पाइप लावला, पाइपाला लोंबकळले आणि सगळे नट आवळून टाकले. पाव आटा सोडला नाही. हँडल दाबून बघितलं तर नंदी जागचा हलेना. म्हटलं, चला, शिस्त लागली!

दुसऱ्या दिवशी निघालो. पुढे मालक, मध्ये आबा, शेवटी मी. ओळखीच्या घरी जायचं म्हणून मलाही बरोबर घेतलं होतं. सासऱ्यांची मर्यादा राहावी म्हणून मध्ये शेवंतीच्या फुलांचं गाठोडं ठेवलं.

"आज गाडी लई ताठ चालतीया," न्हावऱ्याजवळ मालक खूश होऊन म्हणाले.

चौफुल्याला आरसा गळून पडला. तिथून पुढे माझ्या बांगड्या आपोआप वाजायला लागल्या. पाटसला कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्यांची रांग होती आणि रस्त्याला हे एवढाले खड्डे. त्यातला सगळ्यांत मोठा मालकांना दिसला. त्यांनी पुढचा ब्रेक मारला. खड्ड्यातच! नंदी डुलला नाही. उडाला! आबा तेवढ्यात म्हणत होते, "अरं, हळू!" त्यातल्या 'ळू'बरोबर कवळी बाहेर पडली, मालकांच्या खांद्यावरून गेली आणि एका बैलगाडीपुढे जाऊन बसली. बैलांनी ती ओलांडली. चाकानं नाही ओलांडली.

"कडाकडा काय वाजलं वो?" गाडीवानानं विचारलं.

"काय फांगू!" आबा म्हणाले, आणि आपलाच शब्द ऐकून त्यांनी तोंडाला उपरणं लावलं.

"आबा, मागं फिरायचं का?" मालकांनी विचारलं.

"फोयरीक हाय. जायाफ पायजे!"

व्याह्यांच्या ओट्यावर आबांनी एकच निश्चय केलेला दिसला : तोंड उघडायचं नाही. मी आतल्या दारात उभी राहून ऐकत होते.

"लगीन तुमच्या दारात, चालंल ना आबा?" व्याह्यांनी विचारलं.

आबांनी मान डोलावली.

"बँड दौंडचाच लागंल बरं का."

मान डोलली.

"दोन्ही येळचं जेवाण. बुंदीसकट."

मालक खोकले. आबांनी मान डोलावली. नंदीची मान मी घट्ट बांधून आणली होती, आणि त्याच्या वाट्याचं डोलणं आबा करत होते!

मग व्याही घसा खाकरून म्हणाले, "आन् हुंडा आमाला नगं. नारळ आन् पोरगी द्या. चालंल?"

आबांनी अशी मान डोलावली की टोपी खाली पडली.

"असा मानूस बघितला न्हाई!" व्याही मालकांना म्हणाले. "एका शब्दाला मोडता घातला न्हाई!"

सोयरीक जुळली. येताना गाडी शब्बीरमामांना दाखवली. त्यांनी हँडलावर भार दिला. मग दोन्ही हातांनी दिला.

"कुनी आवळलं ह्ये?"

"म्या न्हाई," मालक म्हणाले. वर्षभरात पहिल्यांदाच गाडीबद्दल खरं बोलले.

"मग काय नंदीनं सोताच आवळलं?"

आबांसमोर मी कधी तोंड उघडलेलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. "मी आवळलं मामा. पाव आटा सोडला न्हाई."

शब्बीरमामा पोट धरून हसले. आबा हसले नाहीत. (हसायला दात लागतात.) एवढंच म्हणाले, "फूनबाई, नवी कवळी लागंल."

मंगलच्या लग्नासाठी डब्यात ठेवलेल्या पैशांतून कवळी झाली, तेव्हा मीच म्हणाले, की ते पैसे लग्नाआधी मी भरून देईन. कुणी मागितले नव्हते, पण मंगलच्या बुंदीच्या पैशांतले दात मला बघवत नव्हते. मी शेवंतीच्या वेण्या करायचे आणि शेजारच्या काकू त्या तळेगावच्या बाजारात विकायच्या. दर बाजारी डब्यात भर पडत गेली. लग्नाच्या आठवडाभर आधी शेवटचे पैसे मी आबांसमोर ठेवले आणि पदर सावरून उभी राहिले.

आबांनी डबा बंद केला. नव्या कवळीतून प्रत्येक 'स' स्वच्छ बाहेर आला.

"सूनबाई, सगळं फिटलं."

माझ्या कानांनी त्यातलं 'फिट' तेवढं धरलं, आणि डोळ्यांपुढे नंदीचे नट आले. मी घाईघाईनं म्हणाले,

"न्हाई आबा! पाव आटा मागं सोडलाय!"