गोळीसकट योग

नववीच्या वर्गात प्रमेय शिकवताना फळ्यावरच्या रेषा दोन-दोन दिसायला लागल्या. मी खुर्चीवर बसलो आणि मुलांना म्हणालो, "उरलेलं घरी करा." सव्वीस वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदाच म्हणालो होतो. संध्याकाळी डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि पुन्हा बांधला. एकशे सत्तर, खालचं एकशे दहा. त्यांनी रोजची एक गोळी लिहून दिली, मीठ कमी करायला सांगितलं आणि म्हणाले, "सर, थोडं शांत बसायलाही शिका."

सुकट, पापड, लोणचं सुटलं. शांत बसणं काही जमेना. शेवटी बायकोच मला आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीतल्या हॉलमध्ये घेऊन गेली. तिथे सकाळी सहाला एक काका योग शिकवायचे. पंचाहत्तरीचे, सडसडीत, कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले. समाजाने बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. मुलगी, भावंडं सगळी इस्रायलला गेलेली, हे नवराबायको मात्र इथेच राहिलेले. शनिवारी त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा वार, म्हणून वर्गाला सुट्टी.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "काका, बीपी किती दिवसांत उतरेल?"

"ते मला नाही सांगता येणार," ते म्हणाले. "शीर्षासन करायचं नाही, श्वास रोखून धरायचा नाही आणि गोळी चुकवायची नाही. एवढं सांगू शकतो."

मला ते फारच मिळमिळीत वाटलं. शवासनात डोळे मिटले की मी मनातल्या मनात घटक चाचणीचे पेपर तपासायचो. काका जवळ येऊन हळूच म्हणायचे, "सर, जबडा." मग कळायचं, मी दात आवळून पडलोय.

पण दोनेक महिन्यांत फरक पडला. झोप लागायला लागली. वर्गात माझा आवाज इतका खाली आला की एका मुलीने काळजीने विचारलं, "सर, तुम्हाला बरं नाही का?" घरच्या मशीनवर आकडे चांगले येऊ लागले, आणि मी एक शहाणपणा केला. कुणाला न सांगता गोळी बंद केली.

पंधराएक दिवसांनी, वर्ग संपल्यावर चटई गुंडाळताना डोकं जड झालं. काकांनी मला बसवलं आणि स्वतःच्या पिशवीतलं मशीन लावलं. वरचा आकडा एकशे साठच्या पुढे.

"गोळी?"

"बंद केलीय. योगाने उतरलं होतं, मग कशाला घ्यायची?"

ते रागावले नाहीत. त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढून माझ्यासमोर धरलं. "ही माझी. बावीस वर्षं घेतोय."

मला खरं तर वाईट वाटलं. इतकी वर्षं योग करणारा माणूस, आणि त्यालाही गोळी. "मग याचा उपयोग काय, काका?"

"आधी दोन घ्यायचो, आता डॉक्टरांनी अर्धीवर आणलीय. आणि पूर्वी ड्रॉइंगमध्ये कुणी चूक काढली की मी साहेबाच्याही अंगावर धावून जायचो. घरी त्याहून वाईट. ते थांबलं. मला तेवढं पुरलं." मग म्हणाले, "आज डॉक्टरांकडे जा आणि खरं सांगा."

गेलो, सांगितलं, बोलणी खाल्ली. गोळी पुन्हा सुरू झाली, हॉलमध्ये जाणंही चालू राहिलं. दिवाळीनंतर डॉक्टरांनीच डोस कमी केला. त्या दिवशी बायकोने एक पापड भाजून दोघांत अर्धा-अर्धा केला.

गेल्या हिवाळ्यात काका-काकू तीन महिन्यांसाठी मुलीकडे गेले आणि जाताना वर्ग माझ्यावर सोपवून गेले. पहिल्या दिवशी मी समोर बसलो आणि शिक्षकी आवाजात सूचना देत सुटलो, "श्वास सोडा, खांदे सोडा." पुढच्या रांगेत उरणकडच्या एक कोळीण मावशी बसायच्या, सुनेच्या बाळंतपणासाठी पनवेलला आलेल्या. त्यांनी एक डोळा उघडला.

"मास्तर, तुमी आमाला सोडा सोडा बोलता, पन तुमचेच खांदे कानाला लागलेत."

सगळा हॉल हसला, मागच्या रांगेतली माझी बायको सगळ्यात जास्त. मीही हसलो. मग खांदे खाली घेतले आणि या खेपेला सूचना न देता, नुसताच सगळ्यांबरोबर श्वास सोडला.