साडूभाऊंचं घरटं

खात्री नसलेलं वाक्य जन्मात उच्चारलं नाही असा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझा साडू निघाला. त्यांची सगळी हयात सारस पक्ष्यावर संशोधन करण्यात गेली. सारस म्हणजे माणसाच्या उंचीचा, लाल मानेचा, धानाच्या शेतातून जोडीने फिरणारा पक्षी. महाराष्ट्रात तो उरलाय तो जवळजवळ आमच्याच गोंदियाच्या भागात. फोन करून ‘ताई घरी आहेत का’ असं विचारलं, तर साडूभाऊ सांगत, “सात वाजता होती. आत्ताचं सांगता येणार नाही.” त्या वेळी ताई शेजारच्याच खोलीत भांडी लावत असत आणि त्यांचा आवाज मला फोनमधून ऐकू येत असे. माझ्या मुलीच्या लग्नात आचारी ‘किती पानं’ म्हणून विचारायला आला, तेव्हा साडूभाऊंनी मांडवाच्या खांबाआडून हळू आवाजात सांगितलं की एकशे बारा जोड्या, एकोणचाळीस एकटे, आणि पिल्लं एका जागी थांबत नसल्याने मोजणी चालू आहे. त्या दिवशी जेवण कमी पडलं नाही. आमच्या घराण्यात असं पहिल्यांदाच घडलं.

मानसन्मानाचं त्यांना वावडं होतं, पण सन्मान करणाऱ्यांना त्यांचं नव्हतं. गोंदियात एकदा मोठा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि वर बगळा कोरलेलं स्मृतिचिन्ह. प्रमुख पाहुण्यांनीही भाषणात साडूभाऊंचं सारं आयुष्य बगळ्यांना वाहून टाकलं. साडूभाऊ चिखलाच्या रंगाचा आपला नेहमीचा सदरा घालून शांत बसले होते. निवेदक म्हणाला, “अब डॉक्टर साहब दो शब्द कहेंगे.” ते उठले, “तलाव वाचवा” एवढं म्हणाले आणि खाली बसले. मागितलेले शब्द त्यांनी मोजून दिले होते. टाळ्या मात्र बऱ्याच उशिरा आल्या, कारण भाषण संपलं हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

या सगळ्याच्या वर एक नियम होता: घरट्याची जागा कुणालाही सांगायची नाही. अंडी चोरणारे, फोटो काढणारे आणि पाहुण्यांना सारस दाखवायला निघालेले साहेब, या तिघांचीही त्यांना सारखीच धास्ती. त्यांच्या पुस्तकात गावांची नावं नाहीत, नुसते क्रमांक आहेत. कामठा गावाच्या पुढे केवळराम नावाच्या शेतकऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, दरवर्षी एक जोडी घरटं करी. तो कोपरा केवळराम रोवणीतून, म्हणजे धानाच्या लावणीतून, सोडून देई. साडूभाऊंनी त्याच्याकडून वचन घेतलं होतं आणि त्याने बैलाच्या पाठीवर हात ठेवून ते दिलं होतं. मलाही तिथे नेलं ते तीन वळणं उगाच घेऊन.

मग एका वर्षी पलीकडच्या पंपासाठी विजेची लाइन आली. ठेकेदाराच्या माणसांनी केवळरामला विचारलं, खांब या धुऱ्याने, म्हणजे बांधाने, नेऊ की त्या? या धुऱ्याने का नको हे सांगायचं, तर घरटं सांगावं लागलं असतं. तो म्हणाला, न्या कुठूनही. श्रावणात, धुकं असलेल्या एका सकाळी, नर घरट्यावरून उठला आणि तारेला लागला.

आम्ही पोचलो तेव्हा केवळरामने त्याच्यावर स्वतःचा दुपट्टा टाकला होता. साडूभाऊंनी विचारलं, लाइनवाल्यांना काहीच कसं बोलला नाहीस?

“कोनाले सांगू नोका म्हनलं होतं तुमी, डाक्टर,” केवळराम म्हणाला. “म्या बायकोलेबी नाई सांगतलं.”

साडूभाऊंनी वही काढली, पेन उघडलं, आणि तसंच बंद केलं. जोडी असते तेव्हा एक चरायला जातो, दुसरा अंडी उबवतो. मादी एकटी किती बसणार? चौथ्या दिवशी दोन्ही अंडी गार होती.

पुढच्या ग्रामसभेत साडूभाऊ न बोलावता गेले. नकाशा भिंतीला लावून त्यांनी एकेक घरटं बोट ठेवून दाखवलं, तेही मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात. इतक्या वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. नंतर पाठपुरावा करून ती लाइनही हलवून घेतली.

यंदाच्या पावसाळ्यात मादी परत आली, एकटी. आम्ही तिघं धुऱ्यावर बसलो होतो. ती दिवसभर त्या कोपऱ्यात उभी राहिली. गवताची एक काडीही तिने उचलली नाही.

“दुसरा नर येईल का जी?” केवळरामने विचारलं.

“पुस्तकात येतो असं आहे.”

“पुस्तक कोनं लिवलं?”

“मी.”

“मंग येते का?”

“माहीत नाही,” साडूभाऊ म्हणाले.

केवळरामने मान हलवली. शेजारच्या वाफ्यात त्याच्या घरच्या बाया रोवणी करत कोपऱ्याकडे सरकत होत्या. तो उठला, चिखलात उतरला आणि त्यांना म्हणाला, “तेवढं राहू द्या.”