मामींच्या तानपुऱ्याची बॅटरी

माझ्या बायकोच्या मामांनी आजवर एकही बॅटरी कायमची गेल्याचं मान्य केलेलं नाही. शनिवार पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत लोकांनी टाकून दिलेल्या विजेऱ्या, दाढीची यंत्रं, पोरांच्या मोटारी असं सगळं उपचाराला पडलेलं असतं. बॅटरी सावकाश भरायची, छोटा दिवा जोडून पार उतरवायची, पुन्हा भरायची, असं बरेच दिवस चालतं. मग परीक्षा. दिवा किती वेळ टिकतो ते मामा घड्याळ घेऊन बघत बसतात आणि आल्यागेल्यानेही गप्प बसायचं असतं. नवीनच का घेत नाही, असं मी एकदा विचारलं. मामा चष्म्यावरून बघत म्हणाले, "जावईबापू, तुम्हीही आता जुनेच झालात. आमच्या भाचीने बदललं का?"

गेल्या वर्षी मामी मोठ्या दुखण्यातून उठल्या. आपलं गाणं आता संपलं, असं त्या इस्पितळातच म्हणू लागल्या होत्या आणि मामांनी त्याचा फार धसका घेतला होता. संध्याकाळी गॅलरीत बसून गायचा मामींचा जुना नेम. सुराला इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी. पण गॅलरीत प्लग नाही, आणि आतून वायर ओढायला मामींची सक्त मनाई. इस्पितळात वायरींनी जखडून घेतलं तेवढं पुरे, म्हणे. पेटीतली बॅटरी तर लावताक्षणी मान टाकायची. मामांनी महिनाभर तिची सेवा केली. परीक्षेला मी हजर होतो. सकाळी लावलेली पेटी आमची जेवणं झाली, वामकुक्षी झाली, तरी घुमतच होती. मामा इतके खूश, की चहा त्यांनी स्वतः केला.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम गाणं ऐकायला गेलो. आवाज तसाच गोड, पण थोड्याच वेळात मामींना श्वास पुरेना. ओळ मध्येच तुटायची, चेहरा उतरायचा, त्या पुन्हा धरायच्या. मला बघवेना हो. तेवढ्यात तानपुरा थांबला. मामींच्या मागे बसलेल्या मामांचा अंगठा पेटीच्या बटणावर होता.

"बॅटरी उतरली," मामा म्हणाले. "माझंच काम कच्चं राहिलं."

"एवढा पसारा घालता आणि एक बॅटरी धड होत नाही तुमच्याकडून," मामी म्हणाल्या. "चांगला सूर लागला होता माझा."

"उद्या गा. भरून ठेवतो."

मामी पुटपुटत पाणी प्यायला आत गेल्या. चेहरा मात्र खुलला होता. मामा माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "कालच्यापेक्षा जास्त वेळ गायली आज. नाही का?"

काल मी कुठे होतो? पण हो म्हणालो.