साफ करा

आई गेल्यावर मला रडू आलंच नाही. बायका म्हणाल्या, मोकळी हो बाई. मी कपडे वाळत घातले. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल होतो तसं आतून सगळं बधिर.

आजारपणात आईनं एक काम मात्र हट्टानं केलं. आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, चहापलीकडे काही येत नव्हतं. जन्मभर ते खंडाळ्याच्या एका बंगल्यावर माळी. म्हणून तिनं त्यांच्या फोनमध्ये स्वयंपाक बोलून ठेवला. आमटी, पिठलं, भात. आवाज रेकॉर्ड करायचं फुकटचं ॲप मीच टाकून दिलं होतं, मराठीत लावून. "आदी हात धुवा. धुतलं का? मीठ शेवटाला. लय न्हाई घालायचं, तुमचा हात सढळ हाय." ती गेल्यावर आबा रोज संध्याकाळी फोन ओट्यावर ठेवायचे आणि तिच्या बोलण्यावर आमटी करायचे. मध्येच "व्हय, धुतलं, धुतलं" म्हणायचे.

एकदा मी वराळ्याहून त्यांच्याकडे गेले तर ओट्यावर फोन नव्हता. आबा म्हणाले, "ती बोलंना झाली गं." त्या ॲपनं दाखवलं होतं, जागा कमी आहे. खाली बटण होतं, 'साफ करा'. आबांनी केलं साफ.

बंगल्यावर त्यांनी जन्मभर हेच ऐकलं. पानं पडली, साफ करा. टाकी साफ करा. पाहुणे येणारेत, साफ करा. साफ केल्यानं कधी काही हरवलं नव्हतं, उलट शाबासकीच मिळायची. वडगावच्या मोबाईलवाल्यानं फोन उलटसुलट बघितला आणि "काहीच राहिलं नाही ताई" म्हणत परत दिला.

तिथेही मला रडू आलं नाही. राग आला. कुणा शहाण्यानं लिहिलंय हे? शोधलं तर कळलं, मागे कंपनी वगैरे नाहीच. कुठकुठली माणसं फावल्या वेळात, हौसेनं ते ॲप बनवतात, आणि मराठीही तशीच कुणीतरी केलेली. कुणीही खातं उघडावं. इंग्रजी वाक्य समोर येतं, खाली आपलं मराठी लिहायचं, दुसरा कुणी ते तपासतो. मी आबांच्या ओट्याशी उभ्या उभ्याच खातं उघडलं आणि लिहिलं, 'कायमचं पुसा'.

तपासणाऱ्यानं नाकारलं. म्हणे, ठरलेल्या यादीत 'साफ करा' आहे, सगळीकडे एकच शब्द हवा. वा रे वा! मी तावातावानं पानभर लिहिलं, मग सगळं खोडलं आणि एवढंच पाठवलं: माझ्या वडलांनी हे बटण दाबलं. आईचा आवाज गेला. ते माळी आहेत, त्यांना वाटलं कचरा काढायचाय.

बरेच दिवस उत्तर नाही. मग एका दुपारी शब्द बदललेला दिसला. खाली त्यानं लिहिलं होतं, "बाकीचंही तुम्हीच बघा."

मग बघत गेले, ऑफिसात डबा खाता खाता. बटणानंतर नुसतं 'साफ करायचं?' यायचं, तिथे काय जाणार ते सरळ लिहिलं. 'रद्द करा' काढून 'राहू द्या' केलं, कारण आबांच्या लेखी रद्द होते ती गाडी. काही वाटत नव्हतं. हात चालत होते, तेवढंच बरं.

सुधारलेलं ॲप आलं तेव्हा मी आबांकडेच होते. आई काय काय सांगायची ते विसरायच्या आत त्यांनी आठवेल तसं आपल्याच आवाजात बोलून ठेवलं होतं. हात धुवा, धुतलं का, सगळं तिच्यासारखंच. आमटीला उकळी येत होती. मी ते बटण दाबून दाखवलं. "अगं अगं!" आबा ओरडले. फोननं विचारलं, 'सगळे आवाज कायमचे पुसायचे? परत मिळणार नाहीत.' आबांनी बोट ठेवून एकेक शब्द वाचला आणि 'राहू द्या' दाबलं.

"आदी का न्हाई आसं इचारलं गं त्यानं?" ते म्हणाले. "मी न्हाई म्हनलो असतो की."

मी मीठ घेतलं आणि आमटीत घातलं. आबांनी आधीच घातलं होतं.