चिंचवडच्या शिबिरातली डोकी आणि हात

आमची जुनी बॅच जमली की मेंदूबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. विषय निघतो तो चिंचवडच्या शिबिराचा. दर भेटीत किस्से वाढतात, त्यातले निम्मे आमच्यातल्याच पाटकरने रचलेले. मी आपले माझ्या डोळ्यांदेखत घडलेले सांगतो.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. आम्ही मेंदूविकार विभागात शिकाऊ डॉक्टर. आमच्या मोठ्या साहेबांनी ठरवलं की या पोरांना आकडे कळत नाहीत. झालं, एका कारखान्याच्या गेस्ट हाउसात आठवडाभर आमची रवानगी. शिकवायला बोकील सर, म्हणजे त्याच कारखान्यात माल तपासणाऱ्या इन्स्पेक्टरांना संख्याशास्त्र शिकवणारे. शेवटच्या दिवशी तोंडी परीक्षा, नापास झाला तो संशोधनातून बाहेर. खरी धास्ती आमच्यातल्या उषा शितोळेला होती. गणित टाळायला ती डॉक्टर झाली होती, आणि इथून गेली तर परभणीला काकांच्या दवाखान्यात सर्दी-खोकला बघत बसावं लागणार होतं.

* * *

पहिल्याच दिवशी सरांनी आमच्या वॉर्डातल्या श्वासाच्या नोंदींचा आलेख काढायला लावला. फळ्यावर एकच उंच खांब उभा राहिला. सगळ्या पेशंटांचा श्वास मिनिटाला अठरा!

"हे मोजलं कोणी?" सरांनी विचारलं.

मोजलं कोणीच नव्हतं. पुस्तकात अठरा असतो, म्हणून लिहीत आलो होतो.

"अहो, आमच्या नट-बोल्टांतसुद्धा याच्यापेक्षा जास्त फरक असतो," सर म्हणाले.

* * *

मग मोजायला शिकवायचं म्हणून माझं डोकं घेतलं. टेप एकच, डोकं एकच, मोजणारे आठ जण. उत्तरं आठ आली. प्रत्येकाला आपलंच बरोबर वाटत होतं आणि माझ्या कपाळावर वाद रंगला. कँटीनचे रहीमभाई चहा घेऊन आले होते, ते थांबून बघत राहिले.

"डॉक्टरसाब," ते मला म्हणाले, "टोपी घ्यायला जाल तेव्हा यांना संगती नेऊ नका."

* * *

उषाचं आणि सरासरीचं काही जमेना. उत्तर आलं, पेशंटला महिन्याला सरासरी फिटचे सव्वादोन झटके.

"सर, सव्वादोन झटके येणारा पेशंट मला दाखवा," ती वैतागून म्हणाली.

"तुम्ही मला पुस्तकाबरहुकूम आजारी पडणारा दाखवा, मग मी दाखवतो."

आम्ही हसलो. ती हसली नाही. त्या दिवशी जेवली पण नाही नीट. मला फार वाईट वाटलं तिचं.

* * *

आता परीक्षेचा दिवस. आदल्या दिवशी आम्ही पट्टीचा खेळ केला होता. एकाने पट्टी वरून सोडायची, दुसऱ्याने डाव्या हाताच्या चिमटीत पकडायची. पट्टी जितकी जास्त घसरेल तितका हात सावकाश. सरांनी सगळ्यांचे आकडे बिनानावाने, ठिपके करून फळ्यावर मांडले. एक ठिपका पार लांब पडला होता.

"याचं काय कराल?" प्रत्येकाला हाच प्रश्न.

पाटकर म्हणाला, पट्टी नीट धरली नसेल, पुन्हा मोजू. पास. मीही तेच म्हणालो. पास.

उषाने फळ्यावरचे ठिपके एकेक करून पाहिले. "मी त्याला तपासायला बोलावीन," ती म्हणाली.

"कोणाला?"

"ज्याचा हा हात आहे त्याला. काल आम्ही एकमेकांचे आकडे पाहिलेत सर. आमच्यातला हा कोणाचाच नाही."

सरांनी खडू खाली ठेवला. "माझा हात मी दोनदा पुन्हा मोजला, बाई. पट्टी चुकलेली नाही."

ती उठून त्यांच्यापाशी गेली. "सर, डोळे मिटा आणि दोन्ही हात पुढे धरा."

उजवा हात होता तिथे राहिला. डावा हळूहळू खाली यायला लागला. मेंदूत बिघाड झाला की येतो तसा. सरांनी डोळे उघडले आणि तेही आमच्यासारखेच, मोठ्या कुतूहलाने, आपल्या हाताकडे बघत राहिले.

"थांबा बाई," ते म्हणाले, "उजवा शाबूत आहे तोवर तुमच्या कागदावर पास लिहून घेतो."